चाकातलं पाणी

इथे परदेशात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये मला नुसतं बसूनच थकवा यायचा. काम करून थकलं तर झोप तरी लागते. इथे तेही नाही. मुलगा सकाळी क्लेमेंटीला युनिव्हर्सिटीत जायचा, सून रॅफल्स प्लेसला, नात शाळेत. मी खिडकीत. खाली सगळं स्वच्छ, चिखल कुठे नाही आणि माझी गरज कुणाला नाही.

मुलाने मला आणलं ते माझ्या गुडघ्यामुळे. गावी माझा ट्रॅक्टर होता, आमच्या वस्तीतला पहिला. ज्यांच्या बांधावर माझा बाप हात जोडून उभा राहायचा, ती माणसं "येता का उद्या नांगरायला?" असं विचारायला माझ्या दारात यायची. डांबरी रस्त्याला टायरात हवा जास्त लागते. काळ्या रानात उतरायचं तर कमी करावी लागते, नाहीतर चाक माती दाबून तिचा दगड करतं. बाकीचे हे बघत नाहीत. मी बघायचो. म्हणून दर शेताच्या तोंडाशी उतरायचं, चाकाशी उकिडवं बसायचं, हवा सोडायची. निघताना पुन्हा भरायची. एकदा असाच बसलो तो उठताच येईना. कुणी येईपर्यंत चाकाला टेकून पडून राहिलो.

"ट्रॅक्टर विकून टाका, बाबा. आता इथेच राहा," मुलगा म्हणाला.

"खाली न उतरता हवा कमीजास्त करता आली तर?"

"करून दाखवा. मग मी स्वतः तुमचं गावचं तिकीट काढतो. पुन्हा विकायचं नाव घेणार नाही."

लागलो कामाला. अडचण एकच होती. हवेची नळी सीटपासून चाकापर्यंत न्यायची, पण चाक फिरतं, नळीला पीळ पडणार. मधे असा सांधा पाहिजे, की एक अंग चाकाबरोबर फिरेल, दुसरं जागेवर राहील, आणि हवा निसटणार नाही. लेथवाल्याला माझी भाषा येईना, मला त्याची. फरशीवर खडूने चित्र काढून पितळेचा सांधा करून घेतला. पहिला फुसफुसला. दुसराही.

"बाबा, असे सांधे तयार मिळतात हो."

"मिळू देत," मुलाला म्हटलं.

तपासायला नातीची सायकल उलटी करून ठेवली. "आजोबा, स्पॉइल नका करू, लाह!" ती रोज इथल्या पोरांच्या ढंगात बजावायची. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा मी सांधा नळीसकट सुनेच्या बादलीत बुडवायचो. बुडबुडे निघाले की पुन्हा खोलायचा. शेवटी बुडबुडे थांबले, तसा सांधा सायकलच्या चाकाला बसवला.

रविवारी सगळ्यांसमोर चाक गरगर फिरवलं आणि मोटारीच्या टायरात हवा भरायचा छोटा पंप चालू केला. फिरत्या चाकात हवा भरू लागली, काटा चढला. मुलाने टाळ्या वाजवल्या. "मानलं, बाबा! काढतो तिकीट."

"थांब. सोडून दाखवायची राहिलीय."

कॉक उघडला. बादलीतलं पाणी नळीवाटे आत शिरलं असणार, ते हवेबरोबर फर्रकन त्याच्या शर्टावर उडालं. नात हसून लोळली.

"हे काय, टायरात पाणीपण भरता का तुम्ही?" शर्ट झटकत तो म्हणाला.

मी पंप बंद केला. "भरतो," म्हटलं.

त्याला ठाऊक नव्हतं. तो लहानपणापासून पुण्याच्या होस्टेलात. नांगरताना मागची चाकं घसरू नयेत म्हणून आमच्याकडे वजनासाठी टायरात पाणी भरतात. अर्ध्याच्या वर पाणी, उरलेली हवा. मीच भरलं होतं. हवा सोडण्याआधी ट्रॅक्टर मागेपुढे करून वॉल्व्ह वर आणायचो, एकेका चाकाचा. हाताला इतकी सवय, की इथे डोक्याला आठवलंच नाही. सीटवर बसल्या बसल्या वॉल्व्ह वर आहे की खाली, कळणार कसं? खाली असला की पाणी नळीत, नळीतून पंपात.

"मग पाणी काढून टाकू," मुलगा म्हणाला. आता तोच इरेला पेटला. "वजनाला दुसरं काही लावता येईल की."

"येतं. लोखंडी वजनं." मी सांगू लागलो. आधी जॅक लावायचा, पाणी काढायचं, वजनं दोघातिघांनी उचलून चाकाला आवळायची, मग त्यांच्यावरून सांधा बसवायचा, म्हणजे त्याला धरायची पट्टी पुन्हा नवी, पुन्हा गळती, पुन्हा बादली... सांगता सांगता मी पंपाची वायर गुंडाळू लागलो. सगळं होण्यासारखं होतं. पण माझ्यात आता ते करायची उमेद नव्हती, आणि हे मला बोलता बोलताच कळलं.

"तुझ्या काकाला फोन लाव."

धाकटा भाऊ गावीच असतो. "जयभीम दादा! कधी येतोस?"

"ट्रॅक्टरला गिऱ्हाईक बघ."

"पोरानं जबरदस्ती केली का?"

"त्याची काय टाप आहे! मी सांगतोय. आणि ऐक, घेणाऱ्याला सांग, मागच्या चाकांत पाणी आहे. हवा सोडताना वॉल्व्ह वर घ्यायचा."

"सांगतो. पण दादा..."

"आणि काळ्या रानात हवा कमी करूनच उतरायचं म्हणावं. त्याला कंटाळा असेल तर दुसरं गिऱ्हाईक बघ."

फोन मुलाकडे दिला आणि पाना मागितला.

"राहू द्या ना तो सांधा, बाबा. चांगला चाललाय."

"चाललाय ते मला माहीत आहे," म्हटलं. "पण पोरीला सायकल पाहिजे."