सुमनच्या लेकीचं रुखवत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही – दमलेय, एवढंच.

इंदिरानगरला आमच्या घरी आलात तर नजर आधी भिंतीवर जाईल. भूजचं आरसेकाम, धारवाडची कसुती, लखनौची चिकनकारी – सगळं फ्रेम केलेलं. यांना एलटीसी मिळायची, आम्ही फिरायचो. बाकीच्या बायका साड्या घ्यायच्या, मी भरतकामाचं किट घ्यायचे. नक्षी छापलेलं कापड, दोऱ्याच्या लडी, सुई. घरी आलं की पिशवी कपाटात. सुईत दोरा ओवायचाही मला कंटाळा. मग घ्यायचे कशाला? खरं सांगू – विकत घेताना वाटायचं, आपल्याला हे येतंच.

भरायची सुमन, माझी धाकटी जाऊ. पंचवटीत दिराचं फुलांचं दुकान, एक दिवस बंद ठेवायची सोय नाही. त्र्यंबकच्या पुढे ती कधी गेली नाही. दिवसभर हार ओवून बोटं दुखत असणार, तरी म्हणाली, "ताई, पडून राहण्यापेक्षा मला द्या की. तेवढंच भूज बघितल्यासारखं होईल."

पहिली फ्रेम लागली तेव्हा शेजारीण म्हणाली, "तुम्ही केलं?" मी नुसती हसले. हसण्याला खोटं म्हणायचं का? पुढच्या वेळी मात्र तोंडानं 'हो' म्हणाले – आणि मग सुटलेच. वीसेक वर्षं. हळदीकुंकवाला बायका टाके कसे घातले विचारायच्या, मी सांगायचे – सुमनकडून ऐकलेलं. ती तिथेच तिळगूळ वाटत असायची. एकदा तिनं माझ्याकडे बघितलं. पुन्हा नाही बघितलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी – पण नाही.

गेल्या वर्षी तिच्या लेकीचं लग्न ठरलं. सासर नाशिक रोडचं, मंडळी हौशी. रुखवतात घरच्या बायकांच्या हातचं काहीतरी मांडावं लागतं, आणि सुमनकडे काही नव्हतंच. होतं ते माझ्या भिंतीवर. नवीन भरायला डोळे साथ देईनात. तिनं फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, चार फ्रेमा द्याल का, दोन दिवसांसाठी?"

तिच्याच हातच्या. मागून घेतल्या.

कार्यालयात मी स्वतः त्या मांडल्या. विहीणबाईंनी विचारलं, "हे कुणाच्या हातचं हो?" माझ्या आधी सुमनच बोलली, "आमच्या ताईंचं. मला कुठलं येतंय असलं?"

"मग जाऊबाईंकडून शिकायचंत की थोडं!"

सगळ्या हसल्या. सुमनही हसली. एक शब्द पुरला असता, आणि तो बोलायला माझ्याशिवाय कोण होतं? मला तेव्हा लाज वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त – बरं वाटलं.

लेक सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सुमन चारही फ्रेमा जुन्या साडीत गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, "ताई, बघून घ्या हं, कुठे काच तडकली नाही ना."

मी तिच्यासमोर एकेक फ्रेम उचलून बघून घेतली.