कुंकवाच्या डबीतल्या गोळ्या

हे मी कोणालेच सांगतलं नाई — आईले नाई, मैत्रिणीले नाई, अन् जिले सांगाले पाहिजे तिले तं नाईच. तुम्ही ऐकून घ्या, बस.

माही लहानी बहीण रोशनी. जन्मली तेव्हा पोट्टा समजून घरच्यांनी रोशन नाव ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं तिले हार्मोनच्या गोळ्या लावून देल्ल्या. बाबाच्या हाती पाकीट लागू नये म्हणून मी गोळ्या काढून माह्या कुंकवाच्या डबीत ठेवत होती — नवऱ्यानं सोडल्यापासून ती डबी रिकामीच होती — अन् रोज सकाळी एकेक तिच्या हातावर देत होती. हे काम तिनंच मले देल्लं. भरोशानं.

सहा-आठ महिन्यांत तिचं अंग बदललं. कातडी मऊ झाली, हातापायाचे केस विरळ झाले. छाती दुखाले लागली तं रडता रडता हसे बाई! ताकद मात्र गेली. आधी धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्या खांद्यावर घेऊन बांधीच्या चिखलातून धावे, आता तिच्यानं अर्ध्याही उचलत नव्हत्या. आमच्या आसगावात पेंढ्या वाहणं माणसांचं काम, अन् रोवणा, म्हंजे ते पऱ्हे चिखलात लावणं, बायांचं. त्या साली बायांनीच तिले हाक मारली, "ये वं रोशनी, आमच्या रांगेत लाग!"

लोक हसतील असं मले वाटलं होतं. कोणी हसलं नाई. उलट एक जण माह्याकडे पाहून म्हणाली, "लहानी तं तुह्यापेक्षा नाजूक दिसून राहिली वं!" मंग सगळ्या हसल्या. मीही हसली.

मंग मी जे केलं ते लोकांच्या भेवानं केलं, असं मी स्वतःले लय दिवस सांगतलं. खोटं, साफ खोटं! मी जळली. उन्हानं करपलेलं माहं तोंड, कोणी ढुंकून पाहत नाई असं माहं अंग — अन् हिले बाईपण गोळ्यांनी मिळून राहिलं? मले तं जन्मानं मिळालं होतं — मले काय भेटलं त्याचं?

मेडिकलमधून तशाच बारीक पांढऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या. डबीत त्या भरल्या. खऱ्या गोळ्या तलावात फेकत गेली — चार महिने.

तिचे केस पुन्हा राठ झाले, तोंड तेलकट झालं. छाती वाढली तेवढी राहिली, पण तिथंच थांबली. आरशापुढं बसून मले विचारे, "ताई, माहं अंग मले काहून धोका देऊन राहिलं वं?" मी तिच्या केसाले तेल लावून देत होती. हात थांबला नाई माहा.

मंग रक्ताची तपासणी झाली. मी संगं होती. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई चिडली — गोळ्या घेत नाहीस अन् वरून खोटं बोलतेस? रोशनी शपथा घेऊन राहिली होती. शेवटी माह्याकडे वळली. "ताई, तू सांग नं. तूच तं देतेस."

मी म्हणाली, "गिळाले विसरते ती कधी कधी."

तिनं माह्याकडे पाहिलं. राग नव्हता. तिचा स्वतःवरचाच भरोसा उडाला होता, अन् ते मले समोर दिसत होतं. तरी मी रिपोर्टाची घडी घालून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून डबीत खऱ्या गोळ्या हायेत. तेव्हापासून रोशनी गोळी गिळते अन् माह्यासमोर तोंड उघडून दाखवते — "पाह्य ताई, घेतली." रोज सकाळी. आजही दाखवलं.

मी "हो" म्हणाली अन् डबी बंद केली.