कोरी राहिलेली गल्ली

मला सांगलीत उभं केलं ते बाईंनी. हे आधी सांगते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी चूक आहे, आणि चूक सांगण्याच्या नादात उपकार सांगायचे राहून जातात.

सकाळी दार उघडलं की बाई उंबऱ्यावर थांबून नाक वर करायच्या. "बाभूळ," म्हणायच्या. थोड्या वेळानं, "शेणी." मग कपाळाला आठी. "आणि हे टायर कोण जाळतंय गं?" गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची. बाईंना ते माहीत होतं. "करू देत. तेवढंच नाक चालतं त्यांचं."

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. माहेर कोरेगावकडचं, शेतकऱ्याचं. लग्न केलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी एकच गोष्ट डोक्यात घेतली होती: हे शहर रोज किती जाळतं ते मोजायचं, आणि मग ते कमी करायला लावायचं. "शहर काय खातं ते सगळे विचारतात. काय जाळतं ते कुणी विचारत नाही," असं त्या भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायच्या.

मी नांदेडकडची. सहावीत शाळा सुटली. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आम्ही बाईंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. गावात माझ्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. मीठ आणायला दुकानात जायचं तरी मी आधी वाक्य मनात म्हणून बघायची.

एकदा मी विचारलं, "बाई, धूर तर विरून जातो. मग मोजायचा कशाला?"

"दिसतो तो विरतो. त्याच्याबरोबर न दिसणारा वायू असतो, तो वर राहतो. गोधडीगत. आपण सगळे रोज तिला एकेक चिंधी जोडतोय, आणि खाली उकडतंय आपल्यालाच."

आईच्या गोधड्या आठवून माझे डोळे भरले. बाईंना वाटलं, विषय मला फारच भिडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कामावर घेतलं.

पंपांवरचं डिझेल, रॉकेलची दुकानं, वीटभट्ट्यांचा कोळसा, हे त्यांनी हिंडून हिंडून लिहून आणलं होतं. राहिल्या होत्या चुली. "ज्याची पावती नाही ते जळतच नाही, असं साहेबलोकांना वाटतं," त्या म्हणायच्या. मला दशांश येत नव्हते. बाईंनी रोज संध्याकाळी भाकरीच्या पिठाचे गोळे काट्यावर टांगून ते शिकवले. त्या आठवड्यात आमच्या भाकऱ्या कधी तव्याएवढ्या, कधी बिस्किटाएवढ्या झाल्या.

काम असं: सकाळी घरातलं सगळं सरपण पोत्यात बांधून काट्याला टांगायचं. "उद्यापर्यंत यातलंच जाळा" म्हणून सांगायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन उरलेलं मोजायचं. जेवढं कमी भरलं तेवढं जळलं. अडचण चहाची. घरोघर आमच्यासाठी चूल पेटायची. "आवं, च्या न घेता जातासा व्हय?" बाई हात जोडायच्या, "अक्का, तुमच्या चहानंच माझा आकडा वाढतोय." मग बायका रुसायच्या. शेवटी बाईंनी वहीत 'पाहुण्यांचा चहा' असा वेगळा रकाना आखला.

नदीकडच्या एका गल्लीत एकवीस घरं होती. बाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून ती त्यांनी माझ्या एकटीवर सोपवली. जिथं जास्त लाकूड जळतं त्या गल्ल्यांना सरकारी निर्धूर चुली आधी मिळाव्यात, असा अर्ज त्या या मोजणीवर करणार होत्या. ही बातमी माझ्या आधी गल्लीत पोचली होती.

तिसऱ्या घरात मी पोतं टांगलं, तर आत निळा रंग लावलेला दाराच्या चौकटीचा तुकडा. तो मी पहिल्या घरात मोजला होता. दुसऱ्यातही. माझी पाठ वळली की सरपण भिंतीवरून पुढच्या घरी जात होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात कमी भरणार, म्हणजे प्रत्येक घर भट्टीएवढं जाळतंय असं दिसणार.

हौसाक्का त्या गल्लीची म्होरकी. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

"लिव्ह की गं लेकी," ती म्हणाली. "लय जाळतो आमी. डोळं बघ माजं, कसं झाल्यात."

डोळे खरंच लाल होते. मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशीचं मोजून झाल्यावर, रात्रीच्या जेवणाआधी बाई बेरीज करत बसल्या आणि थांबल्या. "काय गं, या गल्लीत लग्नं होती का? का माणसं लाकडंच खात्यात?" रागावल्या की त्या कोरेगावी बोलायच्या.

मी निळ्या लाकडाचं सांगितलं.

"कितव्या घरापासून माहीत होतं?"

"तिसऱ्या."

"आणि एकवीस घरं लिहीत गेलीस. का?"

"त्या मला लेकी म्हणाल्या, बाई. इथं मला तसं कुणी म्हणत नाही."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग लाल पेन्सिलीनं सगळ्या पानावर एक रेघ मारली. "खोट्या आकड्यापेक्षा कोरी जागा बरी," एवढंच म्हणाल्या. अर्ज द्यायला एकच दिवस उरला होता. पुन्हा मोजणं होणार नव्हतं.

कचेरीत मी पिशवी धरून त्यांच्या मागं उभी होते. साहेबांनी पानं उलटली. "ही गल्ली कोरी का?"

"मोजताना माझी चूक झाली," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. "इतकी वर्षं कॉलेजात शिकवलंत, आणि लाकडं मोजता आली नाहीत?"

"नाही आली."

शेजारच्या टेबलावरचे दोघंही हसले. चूक माझी आहे, हे वाक्य मी मनात म्हणून बघत होते, तोवर बाई जिन्याकडं वळल्या. जिना उतरताना बाई म्हणाल्या, "उद्या सातला निघू. पहिल्या घरापासून."

निर्धूर चुली दुसऱ्या गल्ल्यांना मिळाल्या. कचेरीत काय झालं ते माझ्याकडून कळलं तेव्हा हौसाक्का अंगणात खालीच बसली. "आमच्या पायी बाईंनी ऐकून घेतलं व्हय गं?" त्यानंतर तिनं स्वतः घरोघर हिंडून सरपण अंगणात काढायला लावलं.

आठ घरं आम्ही दोघींनी केली. मग बाईंचं पोटाचं दुखणं वाढलं आणि साताऱ्याहून भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. तब्येतीचं अक्षर नाही. 'किती घरं झाली?'

उरलेली तेरा मी एकटीनं केली. आकडे उतरवून पत्र लिहिलं. अक्षर बाईंना आवडावं म्हणून तीनदा लिहून काढलं. त्यात चार दिवस गेले. माझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशी बाई गेल्या होत्या. भाच्यानं ते न फोडताच परत धाडलं, सोबत दोन ओळी.

तुम्ही म्हणाल, एका गल्लीच्या लाकडांचं एवढं काय. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. आता कुणी सांगलीच्या हवेबद्दल बोललं की मला त्या कचेरीतलं हसणं ऐकू येतं.

ते पाकीट माझ्या पेटीत आहे. साहेब बदलले असतील, टेबलंही बदलली असतील. तरी एक दिवस मी तो जिना चढणार आहे. तिथं जो बसला असेल त्याच्यापुढं एकवीस घरांचा कागद ठेवीन आणि सांगेन की चूक बाईंची नव्हती, माझी होती. काय बोलायचं ते मी रोज मनात म्हणून बघते. अजून धीर होत नाही. पण बाई, मी जाईन.