लिंपलेला भोपळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवालाही नाही. तुम्ही आमच्या गावचे नाहीत, म्हणून बोलते.

आधी आनंदाची बातमी देऊ का? यंदा आमच्या मुरुडजवळच्या शेतात राळा पिकला! बावीस वर्षांनी. मांजराच्या शेपटीसारखी गुबगुबीत, लालसर कणसं. वेळ अमावस्येला शेतात भज्जी होती, आंबील होती, पण माणसं तुटून पडली ती राळ्याच्या खिरीवर. मी तीन वाट्या खाल्ल्या. लाज कसली?

लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे — येते तिकडे.

हे सगळं माझ्या धाकट्या जावेचं, शेवंताचं. तिच्या खोलीत ओळीनं वाळके भोपळे टांगलेत. एकात पिवळी ज्वारी, एकात हुरड्याची, एकात कोरडवाहू साळ — दुकानात मिळणार नाहीत अशी बियाणं, राखेत घोळून ठेवलेली. लोक जीप करून येतात. एक वाटी न्या, पिकलं की दोन आणा, हा तिचा कायदा. आणि हे जमलं कसं? ती राळा शोधत होती म्हणून. लग्न असो की मयत, ही बाई म्हाताऱ्यांच्या घोळक्यात — "मावशी, तुमच्याकडं राळं हाय का वो?" राळा मिळायचा नाही, पण दुसरं काहीतरी ओच्यात बांधून आणायची. आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

का शोधत होती? सासूबाईंनी जपलेलं राळ्याचं बी एका भोपळ्यात असायचं. गावात ते दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. भोपळ्याचं तोंड शेणमातीनं लिंपायचं काम शेवंताचं. एके दिवशी भोपळा उघडा, रिकामा, भोवती उंदराच्या लेंड्या. "नीट लिंपलं न्हाईस," सासूबाई म्हणाल्या, आणि मरेपर्यंत म्हणत राहिल्या. शेवंता मान खाली घालून ऐकायची.

नीट लिंपलं होतं हो तिनं. फोडायला मला विळा लावावा लागला.

सगळे जत्रेला गेले होते. मला खीर खावीशी वाटली. डोहाळे लागले होते म्हटलं असतं तर खपलं असतं — पण कसले डोहाळे? निव्वळ जिभेचे चोचले. मूठभरच घेणार होते. मग वाटलं, मुठीनं काय होतंय? बरं, राळा काही तसाच शिजत नाही. राख धुवा, वाळवा, उखळात कांडा, पाखडा. तेवढ्या वेळात दहादा थांबता आलं असतं. थांबले नाही. खीर फार सुरेख झाली होती, हेही खरंच सांगते. लेंड्या नंतर मीच कणगीमागून वेचून आणल्या.

कधी मन म्हणतं, तुझ्या खोटेपणामुळंच तर एवढे भोपळे भरले! छे. ते तिनं पायपीट करून भरले. माझा त्यात दाणाही नाही.

यंदा पेरणीआधी तिला आमचा राळा देगलूरकडच्या एका म्हातारीपाशी सापडला. ओंजळभर बी घेऊन ती घरात अक्षरशः नाचली, आणि मीही नाचले — खोटं नाही. दसऱ्याला पीक घरात आलं. पुढच्या पेरणीचं बी तिनं भोपळ्यात भरलं आणि ओली शेणमाती माझ्यापुढं सरकवली.

"अक्का, ह्याचं तोंड तुमीच लिंपा. माज्या हाताचा भरवसा न्हाई बगा."

हसत म्हणाली. मी शेणमातीत हात घातला आणि लिंपलं.