खरखरीतली रेघ

सोव्हिएत काळात खार्किवच्या आमच्या संस्थेत रायसा ओपानासिव्ना माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. बावीस वर्षं त्यांचं काम एकच: रेडिओची खरखर ऐकायची आणि तिच्यात कुणी संदेश दडवलाय का ते शोधायचं. चौऱ्याऐंशीच्या मार्चात त्यांनी साहेबांना गाठलं.

"युखिम त्रोखिमोविच, रोज अकराला खरखर जरा चढते. बाराला उतरते."

साहेब बोर्श सूपचा डबा उघडत म्हणाले, "ट्राम जात असेल हो."

"तासभर एकच ट्राम?"

बाईंनी ध्वनिफितीसाठी अर्ज केला. भांडारातल्या ह्लाफिरानं तो परत पाठवला. "खरखर कशाला साठवायची? अंगणात ऐका की, फुकट आहे."

चरफडत बाईंनी भंगारातले सुटे भाग जोडून एक यंत्र केलं. आलेल्या लहरीला तिनंच गुणून तिचा वर्ग केला की अधिक-उणे चिन्हं पुसली जातात. निव्वळ खरखर तशीच पसरलेली राहते, पण दडवलेला संदेश असला तर पडद्यावर दुप्पट कंपनसंख्येपाशी बारीक रेघ उभी राहते. शुक्रवारी, अकरा वाजून दोन मिनिटांनी, रेघ उभी राहिली. मी स्वतः पाहिली. बाईंनी सहा पानी अहवाल लिहिला.

सोमवारी आम्हा दोघांना गोपनीय विभागात बोलावलं. तिथे अंगणापलीकडच्या इमारतीतला संशोधक लाल होऊन बसला होता. संदेश त्याच्याच नव्या यंत्राचा होता.

"हे कुणालाही सापडणार नाही, असं आम्ही वर लिहून दिलंय!"

"मग मी कुणीच नाही, असंही लिहून द्या."

"तुम्हाला ऐकायला सांगितलं कुणी?" विभागाचा अधिकारी ओरडला.

"तुम्हीच. नेमणुकीच्या पत्रात."

अहवाल तिजोरीत गेला. चौथ्या पानाबद्दल शंका विचारायला त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "पान दाखवा, सांगते."

"ते पाहायची तुम्हाला परवानगी नाही."

"अहो, अक्षर माझं आहे!"

त्या परतल्या त्या दार आपटूनच.

आठवड्यानं तो संशोधक जिन्यात उभा होता, टोपी हातात. "रायसा ओपानासिव्ना, ती रेघ घालवायची कशी?"

मला वाटलं, आता याची धडगत नाही. पण बाईंनी सुस्कारा सोडला, खिडकीच्या धुरकट काचेवर बोटानं आकृती काढली आणि पाऊण तास समजावलं. मधूनच "एवढंही कळत नाही?" चालूच होतं.

शरदात त्यांची बदली त्याच्या इमारतीत झाली. युखिम त्रोखिमोविच महिनाभर कुरकुरत होते. खरखर आता मी ऐकतो, आणि मला अजून एकही रेघ सापडलेली नाही.