न धुतलेलं गाळणं

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला बसणं म्हणजे सगळे हात धुऊन उठल्यावर पत्रावळ मागणं. मी ती मागितली. तुमसरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून घरी आलो की कॉम्प्युटरवर मातीचे खोटे कण सोडत बसायचो. गाळणीवर गाळ कसा साचतो ते बघायचं होतं. कण भटकत खाली येतो, पहिल्यांदा जिथे टेकला तिथेच चिकटतो, एवढाच नियम. पण हजारो कण चिकटले की थराऐवजी पडद्यावर झाड उगवायचं. फांदीला फांदी, तिला तशीच बारकी फांदी, मधे पोकळ्या.

नागपूरचे माझे मार्गदर्शक माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आम्ही एकमेकांना सरच म्हणतो.

"सर, हा गाळ आहे की बाभूळ? कणाला घसरू द्या, थर सपाट येऊ द्या. नाही तर प्रबंधावर माझी सही होणार नाही."

मी मुळात भित्रा. नियम बदलायलाच बसलो होतो. मधे पाणी प्यायला उठलो, तर आईने नळाला बांधलेलं गाळायचं कापड दिसलं, मातीने तपकिरी झालेलं. विज्ञानाचा मास्तर ना मी. साबणाने चोळून धुतलं, परत बांधलं. संध्याकाळी हंडाभर गढूळ पाणी.

"काहून धुतलं रे बाबू?" आई म्हणाली. "कापड थोडी गाळते? त्याच्यावरचा गाळच गाळून राहिला होता."

"अन् यायले यातच पीएचडी पाहिजे," बायको म्हणाली.

आठ दिवस रोजचा पहिला गढूळ हंडा अंगणातल्या झाडांना गेला. पुन्हा थर धरल्यावर ओलं कापड डब्यात घालून कॉलेजात नेलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. सपाट काही नव्हतंच. गुठळीवर गुठळी, मधे भोकं. पाण्याला वाट होती आणि मातीला अडकायला फांद्या. माझंच चित्र, फक्त ओलं.

नियम तसाच ठेवला आणि नागपूर गाठलं.

"सर, माझा कण घसरणार नाही."

"मग सही नाही, सर."

"नका करू. चित्र तेच राहील."

हे बोलताना मी टेबल धरून उभा होतो, ते त्यांना दिसलं नसावं.

घरी आलो तर आई दारातच. "झालास का डॉक्टर?"

"नाही. गाळ धुवाले सांगत होते."

"धुतलास?"

"नाही."

"मंग बस. पाणी पी."