थेट बाटलीतून

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सरांची चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली होती आणि मी मुद्दाम गप्प बसलो होतो.

बीडच्या कॉलेजात सरांच्या हाताखाली मी कर्करोगावरच्या औषधासाठी रेणू बनवायचो. पेशीला वाढायला लावणारं एक एन्झाइम असतं, कर्करोगात ते थांबायचं नाव घेत नाही. त्याला अडवणारा रेणू हवा होता. पण त्याच्यासारखंच दुसरं एक एन्झाइम निरोगी हृदयात काम करतं, त्याला धक्का लागता कामा नये. खरी कसोटी तीच.

असा एक रेणू मला जमला. सरांनी त्यावरच्या लेखातून माझं नाव काढून टाकलं, वर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय बे कोयत्या, ऊस तोडायचा सोडून हितं काय तोडायलास?" माझे आईवडील दरसाल आष्टीहून ऊसतोडीला जायचे. मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. सगळे हसले. मीही हसलो. याची परतफेड करायची, हे मी हसता हसताच ठरवलं.

संधी सरांनीच दिली. शेवटची चाचणी ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्या दिवशी त्यांना नारायणगडाला दर्शनाला जायचं होतं, गाडी खाली उभी होती. एन्झाइमला लागणारं इंधन आम्ही दहापट दाट करून ठेवायचो आणि वापरताना पातळ करायचो. हृदयातल्या एन्झाइमच्या वेळी सरांनी ते तसंच ओतलं. इंधन आणि आमचा रेणू एकाच जागेसाठी भांडतात. एसटीच्या एका सीटवर आधीच दहा रुमाल पडले असतील, तर अकराव्याला कोण बसू देणार? रेणू बाहेरच राहिला. कागदावर मात्र दिसलं, की तो हृदयाला हातसुद्धा लावत नाही. वहीत सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'इंधन थेट बाटलीतून.' ते गेल्यावर मी ते पान ब्लेडनं कापून घेतलं.

सर कधीतरी मोठ्या सभेत उभे राहतील, कुणीतरी हटकेल आणि त्यांचं तोंड मी पहिल्या रांगेत बसून बघीन, एवढंच मला हवं होतं.

मी तीन वर्षं वाट पाहिली. तीच तीन वर्षं आमच्या आष्टीजवळच्या कडा गावची एक मुलगी त्या रेणूवर पीएच.डी. करत होती. मला दादा म्हणायची. एकदा म्हणाली, "दादा, सरांचा निकाल माझ्या हातानं यिनाच बघा. माझंच कायतरी चुकायलंय का?"

"सरांनाच इचार की," मी म्हणालो. सरांनी तिलाच झापलं.

शेवटी तशी सभा भरली, पण सरांनी बोलायला तिला पुढं केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हृदयाच्या चाचणीतलं इंधनाचं प्रमाण विचारलं. ती चाचणी सरांची, म्हणून तिनं सरांकडं बघितलं. सर शांतपणे म्हणाले, "चाचण्या हिनंच केल्यात. मी नुसत्या सह्या केल्या." ते पान माझ्या खिशात होतं. उठलो असतो, तर मला तीन वर्षं माहीत होतं हेही बाहेर आलं असतं. मी उठलो नाही.

खोट्या निकालाचा ठपका तिच्यावर आला, तिनं संशोधन सोडलं. आता आष्टीत शिकवण्या घेते. सर शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. मागं एका लग्नात भेटले. "कोयत्या, केस पिकले की बे."

"सर, तुमच्या वहीतला एक कागद हाय माझ्याकडं."

"कसला कागद?"

"नारायणगडाला गेलता त्या दिवसाचा."

त्यांचा घास हातातच राहिला. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू. त्यांना अजून घाबरवायची माझी इच्छा आहे. पण कागद बाहेर काढायचा तर आधी तिच्यासमोर काढावा लागेल, आणि तिथंच माझे पाय अडतात.

मी तिचं दोन गोष्टींचं देणं लागतो: ते पान, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे तोंडानं सांगणं. दोन्ही अजून दिलेलं नाही.